भिंगात दोन थेंब

सौ. भाग्यलक्ष्मी राजकुमार, मु. पो. बेला, जिल्हा आदिलाबाद. व्यवसाय: छायाचित्रण (लग्न, बारसे, पासपोर्ट). यंत्रसामग्री: डिजिटल कॅमेरा एक, भिंगे दोन. सदर यंत्रसामग्री सुस्थितीत असून केवळ अर्जदाराच्या ताब्यात आहे व तिची देखभाल अर्जदार स्वतः करते.

मंडल कार्यालयात, म्हणजे इकडच्या तहसिलीत, दिलेल्या अर्जावर असं लिहिलेलं आहे. त्यातला ‘सुस्थितीत’ हा शब्द दसऱ्यानंतर महिनाभरात खोटा पडला.

शेजारच्या तुळजाबाईंच्या नेहाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, सकाळच्या उन्हात, अंगणात झालं. भाग्यलक्ष्मीने काढलेले फोटो आले ते पांढरेफटक. तुळजाबाईंनी ते निरखून पाहिले.

“पोरगी गोरी दिसावी, हे मीच म्हनलं होतं व. पन नाक त राहू द्यायचं!” मग हसू आवरून म्हणाल्या, “लग्न बी सकाळचंच हाये. परवापर्यंत एक नीट फोटो दाखव, नाई त आदिलाबादचा फोटोवाला सांगते.”

गल्लीतलं एक लग्न बाहेरच्या फोटोवाल्याकडे गेलं की उरलेली गल्लीही तिकडेच जाते. बेल्यात अशा गोष्टींना ठराव लागत नाही.

आदिलाबादच्या कॅमेरा-दुकानदाराने मोठं भिंग उतरवून कानाशी हलवून पाहिलं, “हैदराबाद भेजना पडेगा, महिना लगेगा,” असं म्हणून परत दिलं.

घरी येऊन भाग्यलक्ष्मीने आधी दुसरं, छोटं भिंग लावलं. दुसऱ्या सकाळच्या उन्हातही फोटो ठीक. म्हणजे कॅमेरा निर्दोष. पण त्या भिंगात नवरा-नवरी मावतात, वऱ्हाड मावत नाही. मोठ्या भिंगाची तऱ्हा अशी, की सकाळी फोटो पांढरे, दुपारी बरे. डोळा लावून बघावं तर काहीच कळत नाही, कारण उजेड अडवणाऱ्या आतल्या पाकळ्या मिटतात त्या बटण दाबल्याच्या क्षणापुरत्या. तिने भिंग उतरवलं, मागची इवलीशी खिटी बोटाने सरकवून सोडली. पाकळ्यांनी टक्कन मिटायला हवं होतं. त्या सावकाश, उपकार केल्यागत मिटल्या.

थंडीत आळसतं आणि दुपारी सैलावतं, असं काय असतं? तिने खिटी नाकाशी नेली. वास ओळखीचा होता. कडेला कुंकूही होतं.

“आत्याबाई, खंडेनवमीच्या पूजेत तुमी याले तेल लावलं?”

सासूबाई, म्हणजे बयनाबाई, वाती वळत होत्या. “लावलं नाई, घातलं. दोन थेंब. शिलाई मशीनले घालते तेच.”

“काऊन पन?”

“खिटी हलवली त खरखर करून राह्यली होती. मशीनची पूजा आन् तेल नाई? कोरडीच करू का?” मग सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचा आवाज उतरला. “तुळजाच्या घरचं काम जाते का व?”

भाग्यलक्ष्मीने ओसरीत पांढरं फडकं अंथरलं. मागचे स्क्रू निघाले त्याच क्रमाने स्टीलच्या ताटात ठेवले. ताट बयनाबाईंनी धरलं, आणि श्वासही बेताने घेतला. मोबाइलवाल्याकडचं स्पिरिट, काडीचा कापूस, तोही नुसता दमट. जास्त ओला झाला तर तेल पाकळ्या सोडून काचेवर जाऊन बसतं. पुसायचं, खिटी हलवायची, सुकू द्यायचं, पुन्हा पुसायचं. शेवटी खिटी सोडली तर टक्! बयनाबाईंनी ताट खाली ठेवलं.

पण आता दुपार होती, आणि दुपारी भिंग आजारपणातही बरंच असे. खरी परीक्षा सकाळची.

दुसऱ्या दिवशी कडाक्याच्या थंडीत, ऊन तुळजाबाईंच्या अंगणात आल्या आल्या तिने नेहालाच उभं केलं. फोटोत पिवळी ओढणी पिवळी होती, मागची कपाशी कपाशी होती. तुळजाबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

“हे पाय, नाक आलं!”

भाग्यलक्ष्मी तिथेच पायरीवर बसली. आपण अनवाणी आलोय, हे तिला तेव्हा कळलं.

लग्न झालं. सगळं वऱ्हाड फोटोत मावलं, आणि नेहा नाकासकट सासरी गेली.

“एवढी नाजूक वस्तू अशी उघडी ठेवतेत का?” त्या संध्याकाळी बयनाबाई म्हणाल्या. “चुकून कोनी तेल घातलं, मंग?”

कॅमेरा तेव्हापासून त्यांच्या लोखंडी कपाटात असतो. किल्ली त्यांच्या कमरेला आहे.