कागद पालथा करणारा टायपिस्ट

वर्ध्याच्या कचेरीसमोर बसणारा हा टायपिस्ट लोकांचे कागद झाकूनच ठेवतो. जी ओळ टाइप करायची तेवढीच उघडी. बाकावरच्या कोणी मान लांबवली, की म्हणतो, "चहा पिऊन या ना, भाऊ."

नागपूरच्या एका कारखान्याला माझा काळा मसाला बनवायचा होता. प्रमाण बाहेर फुटलं तर माझा धंदाच संपला, म्हणून आधी गुप्ततेचा करार करायचा ठरवलं. मजकूर मीच लिहून नेला. दुसऱ्याच ओळीवर त्याने कागद पालथा केला.

"काऊन हो ताई, जे लपवाचं तेच लिहून आणलं?"

खरंच, मी करारात सगळं प्रमाण घातलं होतं. त्याने 'काळ्या मसाल्याची कृती' एवढंच टाइप केलं. मग आणखी एक करार टाइप केला, त्यावर स्वतः सही केली आणि माझ्या हातात दिला.

"दोन ओळी वाचल्या ना म्या."

मला हसू आलं, पण त्याचे प्रश्न संपले नव्हते.

"घरी कोणाले माहीत हाये?"

"सुनेला. ती घरचीच आहे."

"नाव सांगा." त्याने तिच्या करारासाठी मशीनमध्ये नवा कागद घातला.

मला राग आला. तरी सुनेचं नाव सांगितलं, आणि जरा थांबून माझ्या बहिणीचंही.