आधी फ्लॉपी तपासायची

सांगलीत आमचा कॉम्प्युटर क्लास पहिल्या मजल्यावर होता. खाली सायकलींचं दुकान, वर आम्ही. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. खिडक्यांना जाड हिरवे पडदे, जमिनीवर जाजम आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. आत धूळ येऊ नये म्हणून सर फार जपायचे. उन्हातून जिना चढून त्या गार, अंधाऱ्या खोलीत शिरलं की देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखं वाटायचं. आपोआप आवाज खाली यायचा.

मी कुंडलहून एसटीनं यायची. आधी शिकायला आले, मग सरांनी तिथंच शिकवायला ठेवून घेतलं. गल्लीत आई सांगत सुटली, "पोरगी कांपूटरची बाई झालीया." तिला कॉम्प्युटर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण बाई म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं.

आमच्याकडे बहुतेक कॉलेजची मुलं-मुली यायची. त्यांच्यात एक गुरुजी होते. आटपाडीकडचे, धनगराच्या घरातले, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. मुलगा सांगलीत नोकरीला, म्हणून इथं राहायला आलेले. लहानपणी त्यांनी वडिलांमागं मेंढरं राखली होती. त्या जगण्यातले शब्द गोळा करून त्यांना पुस्तक करायचं होतं.

"मेंढरं कोंडायच्या जाळीला आमी वाघूर म्हणतो," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "नातवाला इच्यारलं, तर म्हणतो, आजोबा, वाघूर म्हंजी वाघाची बायको व्हय? तवाच ठरिवलं, ह्ये लिवून ठेवायचं."

सरांनी मराठी अक्षरं उमटवणारं एक कार्ड पुण्याहून आणून एका मशिनला बसवलं होतं. गुरुजी त्या मशिनवर बसत. एका बोटानं, एकेक अक्षर शोधून टाइप करत. नवा शब्द पूर्ण झाला की तोच शब्द हळूच स्वतःशी म्हणत. सगळं लिखाण एकाच फ्लॉपीवर. काम संपलं की ती प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, पिशवी रुमालात गुंडाळायची आणि घरी न्यायची. असं करत उन्हाळा गेला, दिवाळी गेली.

एके दिवशी दुपारी एक मुलगी इंग्रजी अर्ज टाइप करत होती. ती अचानक ओरडली, "मॅडम, माझी अक्षरं गळाय लागली!"

आम्ही सगळे तिच्यामागं जमलो. पडद्यावरचं एक अक्षर सुटून खाली घसरलं. मग दुसरं. मग ओळीच्या ओळी सैल झाल्या आणि चिंचेचा पाला झडावा तशी अक्षरं खाली पडून तळाला त्यांचा ढीग झाला. मुलं हसायला लागली. "मॅडम, परत करा की!" कुणीतरी म्हणालं. मलाही हसू आलं. सर आतून आले, पडद्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"व्हायरस," ते म्हणाले.

हा शब्द तोवर आम्ही फक्त ऐकला होता. कॉम्प्युटरला लागणारा रोग, फ्लॉपीतून येतो, एवढीच माहिती. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आपली फ्लॉपी मशिनमध्ये घातली. मशिन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. पडद्यावर आलं, फ्लॉपी वाचता येत नाही. अक्षरं पाडणारा आणि फ्लॉपी खाणारा व्हायरस एकच होता की वेगळे दोन, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

गुरुजींनी फ्लॉपी काढली. धोतराच्या सोग्याला हलकेच पुसली. "पुन्यांदा घालून बघा की, बाई," म्हणाले. मी पुन्हा घातली. मशिननं तेच सांगितलं. मग मी दुसऱ्या मशिनमध्ये घातली. गुरुजी माझ्या हाताकडं बघत होते. आजाऱ्याची नाडी बघणाऱ्या वैद्याकडं घरची माणसं बघतात, तसे.

सर वैतागलेले होते. त्यांची मशिनं बंद पडायची वेळ आली होती. ते गुरुजींना म्हणाले, "तुम्ही फ्लॉपी घरी नेता, गावाकडं नेता. कुठं कुठं लागत असेल, कुणास ठाऊक. बाहेरचा विटाळ आत आला हा."

सर मनानं वाईट नव्हते. पण तो शब्द मला चटका बसल्यासारखा लागला. माझ्या आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. त्याआधी तो आमच्याबद्दलच उच्चारला जायचा. पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर. आणि आता तो एवढ्याशा चौकोनी फ्लॉपीच्या निमित्तानं माझ्यापुढं येऊन उभा राहिला होता.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "सर, माझ्या घरात कांपूटर न्हाई. गावातबी न्हाई. मग लागंल कुणाचा?"

मग मी बोलले. "सर, कुणा एकाचं नाव नको. क्लासमधल्या झाडून सगळ्या फ्लॉप्या तपासू. माझ्यासुद्धा, तुमच्यासुद्धा."

"बरं, तपासू," सर म्हणाले.

सरांचे एक मित्र कोल्हापूरला मशिनं दुरुस्त करायचे. ते व्हायरस शोधणारी फ्लॉपी घेऊन आले आणि मला समोर बसवून शिकवलं. मशिन आधी पूर्ण बंद करायचं, कारण व्हायरस चालू मशिनच्या पोटात दबा धरून बसतो. मग याच स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करायचं. तिच्यावर काही लिहिता येणार नाही, अशी तिची कोपऱ्यातली कडी सरकवून ठेवायची, म्हणजे रोग तिला लागत नाही. "डॉक्टरनं आधी स्वतःचे हात धुवायचे असतात," ते म्हणाले.

मी तपासायला बसले. मुलांच्या फ्लॉप्या झाल्या, माझ्या झाल्या. काही रोगट निघाल्या, पण सगळ्या आमच्याच मशिनमध्ये फिरलेल्या. मग सरांचा फ्लॉप्यांचा डबा उघडला. त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता. तो त्यांच्या मेव्हण्यानं पुण्याहून आणून दिला होता आणि अक्षरं गळायच्या आदल्या आठवड्यात सरांनी तो सगळ्या मशिनवर चढवला होता. फ्लॉपी आत घातली आणि पडद्यावर व्हायरस सापडल्याची लाल पट्टी आली. सर माझ्या मागंच उभे होते. ते बाहेर जाऊन जिन्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले, तेव्हा सर दारातच थांबले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरुजी, रोग माझ्याच फ्लॉपीतून आला. आणि त्या दिवशी जो शब्द वापरला, तो तर मी वापरायलाच नको होता." हे म्हणताना त्यांनी एकदा माझ्याकडंही बघितलं.

"असू द्या," गुरुजी म्हणाले. "आता पुन्यांदा लिवू. डोस्कं काय फ्लॉपी न्हाई आपलं."

त्या दिवसापासून दाराजवळच्या जुन्या मशिनवर आधी फ्लॉपी तपासायची आणि मगच आत जायचं, असा नियम झाला. लोकांना तो आवडला नाही. एक वकीलसाहेब चिडून म्हणाले, "म्हणजे माझ्यावर संशय?" सर आतूनच ओरडले, "वकीलसाहेब, रोज माझीपण तपासतात हो!"

गुरुजींचं काम नव्यानं सुरू झालं. या वेळी ते सांगायचे आणि आम्ही टाइप करायचो. ज्याचा तास रिकामा, तो बसायचा. थोड्या दिवसांनी ते आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आले. आक्काची पाठ वाकलेली, कपाळावर हिरवं गोंदण. तिनं आयुष्य मेंढरांमागं काढलं होतं. गार खोलीत ती पदर घट्ट लपेटून बसली आणि भावाच्या चुका काढायला लागली. "आरं मास्तर, आसं न्हाई म्हणत. साळंत जाऊन इसरलास व्हय समदं?"

मग तिनं मेंढरं थांबवायची हाळी काढून दाखवली. जीभ टाळ्याला लावून काढलेला एक लांबट, घुमणारा आवाज.

"आक्का, ह्यो शब्द न्हाई, आवाज हाय. ह्यो लिवायचा कसा?" गुरुजी म्हणाले.

"मग मेंढरं कशी वळखत्यात?"

झालं, सगळा क्लास त्या आवाजाची अक्षरं शोधायला लागला. कुणी 'ट्र' म्हणे, कुणी 'हुर्र'. आक्का प्रत्येकाला मान हलवून नापास करायची. सर स्वतः तोंड वाकडं करून हाळी काढत होते. खालच्या दुकानातले सायकलवाले धावत वर आले, "काय झालं वो सर?" म्हणून. आक्का तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पुढं पुस्तक छापून झालं. छोटंसं, पिवळ्या मुखपृष्ठाचं. तोवर मला साताऱ्याला नोकरी लागली होती. निरोपाला गुरुजी आले. आता ते प्रत्येक फ्लॉपीची नक्कल करायचे आणि तिची कडी सरकवली आहे ना, हे दोनदा बघायचे. त्यांनी पुस्तकाची एक फ्लॉपी माझ्या हातात ठेवली.

"ही साताऱ्यात ऱ्हाऊ द्या, बाई. एक सरांकडं हाय. पर किष्णामाईला पूर आला, तर सांगलीतलं समदं भिजंल."

"आणि आणखी एखादी?"

"ती दिलीया आक्काकडं, आटपाडीला," गुरुजी म्हणाले. "तिकडं पुराचं भ्याव न्हाई. प्यायलाच पाणी न्हाई, तर पूर कुठला यायचा!"