पत्र्याच्या कोठारातलं बियाणं

देवासात तेव्हा दोन राज्यं आणि मधे एक रस्ता, त्यामुळे इकडे कुणी नव्या वहाणा घातल्या तरी तिकडे चर्चा. सन एकोणीसशे सातात भैयासाहेब जहागीरदारांनी पत्र्याचं कोठार बांधलं, तेव्हा तर दोन्ही राज्यांना महिनाभर दुसरा विषय नव्हता. महूच्या छावणीत तसलं पाहून आले होते. आल्या पाहुण्याला पानाआधी कोठार दाखवीत.

कोठावळे होते श्रीपादपंत. बायकोशी बोलतानाही आधी घसा खाकरणारा माणूस, पण गव्हाचा दाणा दाताखाली फोडला की त्याची कुंडली सांगे. तीस वर्षं बियाण्याचा गहू त्यांनी मातीच्या कोठ्यांत, राख नि कडुनिंबाचा पाला घालून, थंडाव्यात सांभाळला होता.

"पत्रा वैशाखात तापतो, पावसाळ्यात आतून पाझरतो. बी मरेल, भैयासाहेब."

"पंत, तुम्हाला पत्र्याचा मत्सर वाटतो!"

झालं. चाळीस पोती पत्र्याखाली गेली.

नवरात्रात वाड्यावरचा घट याच बियाण्याचा बसे. घट तरारला की बी जिवंत, मग गावोगाव वाटप. चौथ्या दिवशी भैयासाहेबांच्या पत्नी भवानीबाईंनी पंतांना मागल्या दारानं बोलावलं. घटाच्या मातीवर पांढरी बुरशी, कोंब एक नाही.

"पंत, सूनबाईला सातवा महिना. हे रस्त्यापलीकडे कळलं तर लोक कशाला काय जोडतील!"

"देवीचा कोप नाही, बाईसाहेब. बी मेलंय."

"ते मागाहून बघू. आधी घट हिरवा करा. आणि कुठं बोलणार नाही, अशी शपथ घ्या."

पंतांच्या घरी, त्यांच्या बायकोच्या, दुर्गाबाईंच्या मडक्यात, त्याच पिकाचे चारेक शेर गहू राखेत होते.

"जहागिरी पत्र्यात, अन् देवी आमच्या मडक्यात!" दुर्गाबाई हसल्या. "न्या, न्या. पण मेलेलं बी वाटू नका म्हणून सांगाल ना?"

"सांगेन," पंत घसा खाकरून म्हणाले.

दसऱ्याला घट चार बोटं वाढला होता. भैयासाहेबांनी कोंबांचा तुरा फेट्यात खोवला. गावोगावचे पाटील मुजऱ्याला आलेले. पंतांनी सगळा धीर एकवटला.

"यंदाचं बी वाटू नये. बदनावरहून दुसरं मागवू."

"का?"

"ते उगवणार नाही."

भैयासाहेबांनी फेट्याकडे बोट केलं. "मग हे काय माझ्या डोक्यातून उगवलं?"

सदर खो खो हसली. चिकाच्या पडद्याआड भवानीबाईंच्या बांगड्या एकदाच वाजल्या. पंत मुजरा करून मागे सरले.

वाटपाच्या सकाळी मडक्यातले उरलेले गहू पंतांनी पंच्यात बांधून नेले, मिसळायचे म्हणून. चाळीस पोत्यांसमोर उभे राहिले, गाठोडं हातात तोललं, आणि तसंच काखेत धरून ठेवलं.

पहिले आले टोंकखुर्दचे गणोजी पाटील. "पंतसाब, बीज बढिया है नी? असू दे, असू दे! फेट्यात डोळ्यांनी बघितलं की म्या."

"गणोजी... दाट पेरा."

"दाट? मग माझ्या रानाला पुरणार कसं? तुम्ही भी ना, भिया, मस्करी करता!"

 पंतांनी पायली उचलली आणि ते मापायला लागले.

पेरणीला पंधरा दिवस झाले तेव्हा, कुणी बोलावलं नसताना, पंत टोंकखुर्दला गेले. वावर काळंभोर, नुसतं. गणोजी पेरणीच्या तासात उकिडवे बसले होते. त्यांनी बोटानं माती उकरून एक दाणा पंतांच्या तळहातावर ठेवला. चिमटीत धरताच त्याचं पीठ झालं, आंबूस वासाचं.

"ओल तर चांगली होती, पंत," गणोजी म्हणाले. "माझं काय चुकलं असंल?"

 पंत त्यांच्याशेजारी उकिडवे बसले आणि तासातली माती उकरू लागले. एक दाणा, पुढचा दाणा, त्याच्या पुढचा.