बर्फावरच्या जोड्या आणि आमच्या वन्सं

वन्सं गेल्या त्या सकाळी मी दळण घेऊन गिरणीत गेले होते. मी निघाले तेव्हा त्या कॉटवर बसून लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बारीक काढाय सांग. मागच्या खेपंला भाकरी चिरत हुती." हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. लोक म्हणतात, जाणाऱ्या माणसाला आधी कळतं, काहीतरी निरवानिरवीचं बोलून जातात. आमच्या वन्सं ज्वारीच्या पिठाबद्दल बोलून गेल्या. मी गिरणीच्या पायरीवर बसलेली असताना समोरच्या लक्ष्मम्मा अनवाणी धावत आल्या, आणि त्यांचा चेहरा बघूनच मी डबा तिथं सोडून निघाले... घरी पोचले तर वन्संची मान भिंतीला टेकलेली आणि हातात लसणाची अर्धी सोललेली कुडी. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसावा. नसावा म्हणजे काय, असं मी त्या बिचाऱ्यावर खेकसले. आता दीड महिना होऊन गेला, पण त्या 'नसावा'चा राग अजून गेलेला नाही.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. नाव गोदावरी. मोहोळकडच्या भावकीत सगळे त्यांना अक्का म्हणायचे. लहान वयात मंद्रूपला दिली होती. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं. माझे यजमान तेव्हा मिसरूडही न फुटलेले. ते कुणाला न विचारता एस.टी.त बसले आणि बहिणीला घेऊनच परत आले. पुढं सोलापूरला भवानी पेठेत दोन खोल्या घेतल्या, वन्सं टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायला जाऊ लागल्या, आणि त्या घरात मी लग्न होऊन आले. म्हणजे आधी ती दोघं, मग मी. हे त्यांनी मला कधी विसरू दिलं नाही. माझी भाजी त्यांना खारट, त्यांची मला अळणी. माझी बालवाडी त्यांच्या मते "पोरं राखायचं काम", आणि त्यांचा आवाज माझ्या मते कारखान्यातच ठेवून यायच्या लायकीचा. पण माझा निखिल त्यांच्या मांडीवर वाढला, तापानं फणफणला की माझ्याकडे यायचा नाही, आत्याकडे जायचा. तेव्हा मला राग यायचा. आज वाटतं, बरं झालं.

दोन वर्षांपूर्वी यजमान गेले आणि घरात आम्ही दोघी उरलो. नणंद आणि भावजय. आम्हाला जोडणारा माणूस मधूनच निघून गेलेला. पहिला उन्हाळा फार वाईट गेला. सोलापूरचा मे महिना, कूलर गरम वारा फेकतोय, आणि दोघी दोन भिंतींकडे तोंड करून पडलेल्या. निखिलनं पुण्याहून नवा टीव्ही पाठवला होता, त्यावर इंटरनेट चालायचं. एका दुपारी बटणं दाबता दाबता पडदाभर पांढराशुभ्र बर्फ आला. मी पुढं जाणार तर वन्सं म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. बघून तरी गार वाटतंय." त्या बर्फावर एक पुरुष आणि एक बाई, पायांत पात्याचे बूट घालून, हातात हात धरून घसरत होते. बघता बघता त्यानं तिला डोक्यावर उचललं, तसाच गोल फिरला आणि अलगद खाली ठेवलं. वन्सं उठून बसल्या. त्या दिवशी चहा पाचऐवजी सहाला झाला.

वाचणाऱ्यांना हसू येईल, येऊ द्या. आम्हा दोघींना या खेळाचं वेडच लागलं. एकेकट्या खेळाडूंचा खेळ वन्संना पसंत नव्हता, फक्त जोड्यांचा पाहिजे. दसऱ्याच्या पुढंमागं त्यांचा मोसम सुरू होतो आणि मार्चअखेर संपतो, हे आम्हाला पंचांगासारखं पाठ झालं. आज या देशात, पंधरा दिवसांनी त्या. नावं काही जिभेवर बसेनात, म्हणून वन्संनी जोड्यांना नावं ठेवली. धिप्पाड गडी आणि चिमुकली पोरगी ती मुंगी-डोंगर. सारखी हसणारी ती फोटोवाली. एक जोडी नेहमी कर्जाचा हप्ता थकल्यासारख्या उतरलेल्या चेहऱ्यानं खेळायची, ती हप्तेवाली. समोरच्या लक्ष्मम्मा, विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू आणि आमच्याशी मराठी, त्याही येऊन बसायला लागल्या. मग तीन पंच झाले आणि मार्क द्यायची पद्धत ठरली.

पद्धत अशी. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा घ्यायच्या. प्रत्येक जोडीची एक वाटी. दर जोडीला प्रत्येकीच्या हातात दहा शेंगा. जितके मार्क तितक्या शेंगा वाटीत, उरलेल्या आपण फोडून खायच्या. मी बालवाडीची बाई, एका पायावर धड उभं न राहणाऱ्याला मी काय म्हणून मार्क देऊ? मुलगी उडी मारून खाली येताना डगमगली की माझे चार गेले. त्यावर वन्संचं ठरलेलं वाक्य, "ही मार्क देत न्हाय, पोट भरती." लक्ष्मम्मा तर फक्त कपडे बघायच्या. "टीचर, तो कपडा बघा, असला ताणायचा कपडा आपल्या मागावर निघणार नाय," म्हणत सगळ्या शेंगा वाटीत ओतायच्या, मग ते दोघं बर्फावर आडवे का होईनात. आणि वन्सं उड्या बघायच्याच नाहीत. त्या बघायच्या, उचललेल्या बाईला तो खाली कसा ठेवतो ते. "उचलाय काय, हमालबी उचलतोय," असं म्हणायच्या आणि त्याचे हात सुटेपर्यंत टक लावून बसायच्या.

आमची एक चूक मात्र वर्षभर चालली. या सगळ्या जोड्या नवरा-बायकोच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. परका पुरुष बाईला असा डोक्यावर घेईल, हे आमच्या कल्पनेत बसत नव्हतं. त्यामुळं वन्सं खेळाचे मार्क देता देता संसाराचेही द्यायच्या. हा घरी पाण्याचा तांब्याही उचलत नसंल. ही माहेरी जायचं म्हणून रुसलीय. आमची सगळ्यात लाडकी जोडी तर अशी की तो तिच्या तोंडाकडे कधी बघायचाच नाही. वन्संचं मत ठाम होतं, "ह्यांचं घरी पटत न्हाय. पर खेळात दगा द्यायचा न्हाय तो." एकदा निखिल घरी आलेला असताना त्यानं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं, ती दोघं सख्खी भाऊ-बहीण निघाली. मी हसून हसून बेजार. वर्षभर बिचाऱ्यांची भांडणं लावत होतात म्हणून वन्संना चिडवायला गेले, तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तरीच. तो तिच्या तोंडाकडं न्हाय, पायाकडं बघतोय. ती कुटं घसरंल काय म्हणून." आणि पदर डोळ्याला लावला. मग मलाही एस.टी.त बसून मंद्रूपला गेलेला पोरगा आठवला. त्या दिवसापासून भाऊबहिणीच्या वाटीत कमी शेंगा टाकायची माझी छाती झाली नाही.

गेल्या वर्षी मोसम सुरू व्हायच्या आधीच निखिलचा फोन आला, की त्या भावाचा खांदा कायमचा गेला, तो आता खेळणार नाही. बहीण दुसऱ्या कुणाबरोबर उतरणार आहे. घरात सुतक आल्यासारखं झालं. लक्ष्मम्मा म्हणाल्या, दुसऱ्याचा हात बसेल का तिला? आणि त्याच दिवाळीत निखिलनं माझ्यापाशी विषय काढला. पुण्यात त्यानं मोठं घर घेतलं होतं. आई, तू ये आता, एक खोली तुझीच आहे. खोली एकच होती, हे मी विचारून घेतलं. आत्याचं काय, म्हटल्यावर तो खाली बघून म्हणाला, मोहोळला सुरेशकाका आहेत ना. सुरेशभाऊ म्हणजे वन्संचे चुलतभाऊ, भला माणूस, पण त्यांचं घर भरलेलं. पोरगा वाईट नाही हो माझा. त्याला आत्या नको होती असं नाही, पण पुण्यातली घरं मोजून बांधलेली असतात. मी म्हटलं, "मोसम संपू दे. मार्चनंतर सांगते." तो हसला, त्याला चेष्टा वाटली. पण स्वयंपाकघरात भांडी घासायचा आवाज थांबला होता. म्हणजे वन्संनी ऐकलं होतं.

त्या एका अक्षरानं बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. उलट भाजीला नावं ठेवणं कमी झालं, आणि ते मला फार टोचायला लागलं. रोज संध्याकाळी टीव्हीपुढं बसायचो, बर्फ बघायचो, शेंगा टाकायचो, आणि दोघींनाही माहीत होतं की हा मोसम संपला की हे घर मोडायचं. मग माझं काय, हा कुणीही हात धरून विचारावा असा प्रश्न, पण त्यांनी विचारला नाही. भावानं एकदा आणलं होतं, आता भावजयीपुढं पदर पसरायचा नाही, एवढा त्यांचा ताठा. मला तो ताठा कळायचा, कारण माझाही तसाच आहे.

ती बहीण नव्या जोडीदाराबरोबर पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेत उतरली ती संक्रांतीच्या सुमाराला. आम्ही तिळगूळ खात बसलो होतो. नवा मुलगा उंच, जरा घाबरलेला. सुरुवात बरी झाली. मग त्यानं तिला फेकलं, ती हवेत गिरक्या घेऊन खाली आली आणि सपशेल पडली. लक्ष्मम्मांच्या तोंडून "अय्यो" निघालं. तो वळला, हात पुढं केला. तिनं क्षणभर त्या हाताकडे बघितलं... आणि धरला. उठली, पुढचा खेळ दोघांनी जुळवून पुरा केला. मी माझ्या चार शेंगा वाटीत टाकल्या. वन्संनी दहाच्या दहा टाकल्या.

"पडली की ती, वन्सं," मी म्हटलं.

"पडली. पर सवयीचा हात गेलेला हाय तिचा. परक्याचा धरून उठली. आनि काय पायजे तुला, शालन?"

मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पडद्याकडे बघूनच म्हटलं, "मी निखिलला कालच सांगून टाकलंय. मी काही पुण्याला जात नाही. इथंच राहणार." आणि खरंच सांगितलं होतं. उपकार म्हणून नव्हे. पुण्याच्या त्या खोलीत माझ्या भाजीला नावं कोण ठेवणार होतं? सगळे 'छान झालीय आई' म्हणणार आणि फोनमध्ये डोकं घालणार. मला भांडायला माणूस लागतं, आणि माझं माणूस या कॉटवर बसलेलं होतं. मला वाटलं होतं, वन्सं काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "आवाज वाढीव. मार्क सांगायलेत." झालं. मी आवाज वाढवला. मनातून जरा हिरमुसले होते, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर महिनाभरानं त्या गेल्या. मोसमाची शेवटची स्पर्धा मी आणि लक्ष्मम्मांनी बघितली. शेंगा काढल्या नाहीत. ती बहीण आणि तो नवा मुलगा पडले नाहीत, पण वर कुठं आलेही नाहीत, मधेच कुठंतरी राहिले. त्यानं तिला खाली ठेवलं तेव्हा लक्ष्मम्मा पहिल्यांदाच कपड्यांऐवजी त्याचे हात बघत होत्या. दुसऱ्या दिवशी निखिलचा फोन आला. आई, मोसम संपला, आता तरी ये. मी म्हटलं, "बघू." खरं सांगायचं तर मी ढिली पडले होते. रिकाम्या घरात कुणासाठी थांबायचं?

आणि गेल्या रविवारी मोहोळहून सुरेशभाऊ आले. रिक्षातून एक पत्र्याची पेटी उतरवून घेतली, वन्संची. दिवाळीनंतर ती पेटी त्यांच्याकडे गेली तेव्हा वन्संनी मला सांगितलं होतं, त्यांच्याकडं गोधड्या ठेवायला काही न्हाय म्हणून देते. मला वाटलं होतं, रिकामीच आहे. सुरेशभाऊंनी पाणी घेतलं आणि म्हणाले, "वैनी, दिवसांच्या गर्दीत बोलता आलं न्हाय. ही पेटी अक्कानं आपली कापडं घालून धाडलीवती. मार्चमदी कायमची येते म्हनली तुज्याकडं. शालनला पोराकडं जायचंय, माज्यामुळं तिचा पाय आडकाय नको, तिला कळू दिऊ नगंस. मी व्हय म्हनलं. मग संक्रांतीच्या टायमाला एक दिस रातच्याला फोन. पेटी परत आन म्हनली. का गं, म्हनलं, तर नुसती हसायलीय. शालन कुटं जात न्हाय म्हनली. मला सोडून जात न्हाय म्हनली. माज्या बायकोला फोनवर बोलवून तिलाबी सांगितलं, आईला सांगितलं, शेजारणीलाबी द्या म्हनली फोन." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "आज आनतो, उद्या आनतो म्हणता ऱ्हाऊन गेली, वैनी. लई चुकलं."

मी पेटी उघडली. वर घडी घातलेली चार लुगडी, खाली स्वेटर, यजमानांचा एक फोटो, भाकरीचं फडकं. जायला निघालेल्या माणसाचं सगळं नीट भरलेलं होतं. मी एकेक लुगडं काढून कपाटातल्या त्यांच्या कप्प्यात लावायला लागले. सुरेशभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "आता ठेवून काय करायचं वैनी, कुणा गरजवंताला द्यावीत." मी म्हटलं, "देईन कधीतरी. पण त्यांनी ती घरी परत मागवली होती ना? मग आधी घरी तर येऊ दे." संध्याकाळी निखिलला फोन लावला आणि सांगितलं, मी इथंच आहे.