टेबलाच्या पलीकडून फोटोकाकू

फोटोकाकूनं आयुष्यात कुठलाही फोटो सुलटा पाहिला नाही. फोटो हातात दिला की ती आधी तो उलटा करायची, डोकं खाली, पाय वर, आणि मग चष्मा नाकावर सारखा करून बघत बसायची. नव्या माणसाला वाटायचं, बाईला दिसत नाही. कुणी भीत भीत ‘काकू, उलटा आहे’ म्हटलं, की ती म्हणायची, ‘माहीत आहे मले. चेहरा दिसला की माणूस फसते. उलटा धरला की जे आहे तेवढंच दिसते.’

मोबाईल आल्यावर तिची पंचाईत झाली. मोबाईल उलटा केला की आतला फोटो आपोआप सुलटा व्हायचा. दोन-चारदा फिरवून तिनं तो खाली ठेवला. म्हणाली, ‘हा भलताच चापलूस आहे बाप्पा. कुठूनही पाहा, तोंडच पुढं करते.’ मग तिनं तोड काढली. मोबाईल टेबलावर सपाट ठेवायचा आणि आपण उठून टेबलाच्या पलीकडे जाऊन बसायचं. त्यामुळे चौबे कॉलोनीतल्या तिच्या घरी फोटो घेऊन गेलेला माणूस एका बाजूला आणि काकू समोर, असा सरळ मुलाखतीचा देखावा असायचा. बऱ्याच जणांना उगीच घाम फुटायचा. मला तर नेहमीच.

ती माझी सख्खी काकू. पण सगळ्या रायपुरातली मराठी घरं तिला फोटोकाकूच म्हणायची, आणि त्याला कारण होतं. रेल्वेच्या, सरकारी नोकरीपायी विदर्भातून इकडे आलेली आमची घरं मोजकी. मुलामुलींची स्थळं भंडारा, गोंदिया, नागपूरकडून यायची आणि माणसाच्या आधी त्याचा फोटो यायचा. रजा टाकून बघायला जायचं की नाही, हे फोटोवर ठरायचं, म्हणजे काकूवर ठरायचं. मुलगा विटेवर उभा आहे हे ती पँटच्या घडीवरून सांगायची. फोटो आत्ताचा नाही हे मागच्या कॅलेंडरवरून. पण नुसतं ‘खोटं आहे’ असं ती कधी म्हणाली नाही, दुसऱ्या कुणाला म्हणूही दिलं नाही. ‘खोटं म्हणायचं तर बोट ठेव,’ हा तिचा कायदा होता. कुठं खोटं आहे तिथं बोट ठेवता येत नसेल, तर तोंड मिटून चहा प्यायचा.

एकदा एका मुलीचा फोटो तिनं परत पाठवला. चेहरा स्टुडिओवाल्यानं घासून पांढरा केला होता, पण कानाची पाळी मूळ रंगाची राहून गेली होती. काकूनं पाळीवर बोट ठेवलं. ‘पोरगी सावळी आहे हे चांगलं आहे. तिले पांढरं केलं हे वाईट. घरच्यांलेच तिची लाज वाटून राह्यली, मंग तिनं कोणाकडे पाहावं?’ आणि स्वतःच गोंदियाला जाऊन मुलीला भेटली आणि लग्न जमवून आली. ती मुलगी म्हणजे आमच्या सौभाग्यवती. माझा फोटो मात्र त्यांच्याकडे कुणी उलटा धरून पाहिला नाही, हे त्या अजून ऐकवतात.

काकूचं स्वतःचं लग्नही फोटोवरच झालं. काकांचा एक पाय आखूड होता. त्या काळी असा पाय खुर्चीमागं, कुंडीमागं लपवायची पद्धत होती. काकांनी जाड तळाचा बूट पुढं करून फोटो काढून घेतला. काकूनं फोटो उलटा केला, तर सगळ्यात वर तो बूटच. ‘ज्यानं बूट नाही लपवला, तो बाकी काय लपवन?’ असं म्हणून तिनं होकार दिला, आणि काका गेले त्या दिवसापर्यंत तिला दुसरं काही सापडलं नाही.

मग तिच्या म्हातारपणी परग्रहवासी आले.

हे पाहुणे आमच्या घरच्या ग्रुपवर आणण्यात माझा हात मोठा होता. कुणी मला हिरवा माणूस पाठवला की मी तो पुढं पाठवणार, आणि रविवारी काकूकडे जाऊन टेबलावर ठेवणार. गव्हाच्या शेतात उभा असलेला एक लांबोडका प्राणी पाहून ती म्हणाली, ‘एवढं धूड उतरलं आन् गव्हाची काडी नाही मोडली?’ दुसऱ्या फोटोत दोघे शेजारी उभे होते. एकाची सावली डावीकडे, एकाची उजवीकडे. ‘एका अंगणात दोन सूर्य कसे असतीन रे?’ तिसऱ्यात मेलेल्या पाहुण्याभोवती गावकऱ्यांची गर्दी होती. काकूनं गर्दीत एकाच माणसावर तीन ठिकाणी बोट ठेवलं. ‘पाहुण्याचं सोड. हाच जास्त अजब आहे.’

‘म्हणजे काकू, तुझा परग्रहावरच्या लोकांवर विश्वास नाही,’ मी म्हणालो.

‘येत असतीन बाप्पा. त्यांच्या येण्याबद्दल माझं काई म्हणणं नाही. हा फोटो त्यांचा नाही, एवढंच.’

गेल्या भादव्यात मी राजिमहून बसनं परत येत होतो. दिवेलागणीची वेळ, पाऊस नुकताच थांबलेला, खिडकीच्या काचेवर थेंब. अभनपूरच्या अलीकडे बस क्षणभर थांबली आणि मला धानाच्या बांधावर काहीतरी उभं दिसलं. परातीएवढं सपाट डोकं, मान नाही, आणि पाय एकच. मी मोबाईल छातीशी धरून घाईनं फोटो काढला. घरी येऊन पाहतो तर त्या आकृतीच्या वर, ढगांत, एक तबकडी. मधे चकाकता घुमट, दोन्ही बाजूंना दिव्यांची रांग. मी तो ग्रुपवर टाकला. बायको ‘राहू द्या’ म्हणत होती, पण एवढ्या वर्षांत तिचं ऐकल्याचा एक तरी प्रसंग मला आठवायला नको का?

दुसऱ्या दिवशी फोटो ग्रुपबाहेर पडून माझ्या ऑफिसात माझ्याआधी पोचला होता. तिसऱ्या दिवशी त्यावर लाल अक्षरांत ‘फर्जी’ असा शिक्का मारून तो परत आला. कुणीतरी संगणकावर बनवलेला आहे, असं जो तो सांगू लागला. ‘मुन्ना भैया, अगली बार डायनासोर बनाना,’ असं साहेबांच्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे मला म्हणाले. ते मी सोसलं. पण माझी मुलगी ईशा कॉलेजात आहे, फोटोंची जोडतोड तिला चांगली येते, आणि तिच्या मैत्रिणींना हा फोटो कुणाच्या बापाचा आहे हे कळलं होतं.

‘पापा, सच बोलो. आपने बनाया है ना?’

‘अगं, मला बनवता येतं का?’

‘वही तो. इतना खराब बना है, आपने ही बनाया होगा.’

मी हसलो. ती हसली नाही. तिनं तो फोटो खरं-खोटं ओळखणाऱ्या एका ॲपमध्ये घातला, तर तिथला काटा लाल बाजूला गेला. तिनं मला तो काटा दाखवला आणि आपल्या खोलीत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. रात्री जेवताना मी मीठ मागितलं, तिनं दिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. पोरीच्या लेखी आपण खोटारडे झालो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि जेवण गेलं नाही.

रविवारी मी तिला काकूकडे नेलं. मोबाईल टेबलावर ठेवला. काकू पलीकडे जाऊन बसली. ईशानं आधी ॲपचा काटा दाखवला.

‘काहून बनावट, ते सांगते का हा?’ काकूनं विचारलं.

‘रीज़न नहीं बताता, आजी.’

‘मंग त्याले म्हणा, बोट ठेव.’

मग दोन बोटांनी फोटो मोठा करत करत ती खूप वेळ पाहत राहिली. चहा निवला. शेवटी तिनं ईशाला आपल्या बाजूला बोलावलं आणि काचेवरच्या थेंबांवर बोट ठेवलं. पाण्याच्या थेंबातून पलीकडचं जग उलटं दिसतं. फोटो उलटा, म्हणून थेंबातलं चित्र सुलटं. प्रत्येक मोठ्या थेंबात बारीकसा बांध होता, आणि बांधावर मोहरीएवढी ती परातडोकी आकृती.

‘बनवणारा एक पाहुणा बनवन. थेंबाथेंबात कोण भरत बसते? हा बांधावरचा खरा आहे.’

माझी छाती फुगली. तेवढ्यात ईशानं मान आणखी खाली घातली. ‘पर आजी, इन बूँदों में यान नहीं है. एक में भी नहीं.’

काकूनं पाहिलं. खरंच, तबकडी एकाही थेंबात नव्हती. ‘हव,’ ती म्हणाली. ‘बरोबर पकडलं तू.’

‘मतलब वो बाद में डाला है.’ आणि आता ईशानं माझ्याकडे पाहिलं. न पाहिलेलं बरं होतं.

‘थांब पोट्टे,’ काकू म्हणाली. ‘बांधावरचा काचेच्या बाहेर आहे. तबकडी आत आहे, एवढंच समजलं. आत म्हणजे मोबाईलच्या आत, का बसच्या आत, हे इथं बसून नाही समजत. मले अंदाज आहे, पण अंदाजावर बोट ठेवत नसतेत. उद्या त्याच बसनं जाऊ.’

गुडघे दुखत असतानाही ती आली. वाटेत माझ्या बाजूनं एक शब्द बोलली नाही, आणि मीही मागितला नाही. मागून उपयोग नव्हता. माझ्या लग्नाच्या वेळीही तिनं माझी तारीफ केली नव्हती.

आम्ही त्या बांधापाशी उतरलो तेव्हा उजेड होता. बांधावर तो होता. गुरं राखणारा राऊत, डोक्यावर बांबूची रुंद खुमरी, काठीला टेकून एका पायावर उभा. सारा जन्म रायपुरात काढून मला खुमरी ओळखता आली नव्हती. काकूनं त्याच्या छत्तीसगढीत विचारलं, ‘कस भैया, एक गोड़ म काबर ठाढ़े हस?’

‘दूसर गोड़ सुस्तावत हे, दाई.’ दुसरा पाय विसावा घेत होता.

काकूनं त्याला मोबाईल दाखवला. त्यानं मान तिरकी करून पाहिलं. ‘ये तो मोर खुमरी आय,’ तो म्हणाला. स्वतःला त्यानं ओळखलं नाही, टोपीला ओळखलं. मग त्यानं आभाळातल्या तबकडीवर बोट ठेवलं. ‘अउ ये काय ए, दाई?’

‘उही ला खोजत हन,’ काकू म्हणाली. तिलाच तर शोधत आम्ही आलो होतो.

बसची वाट पाहताना तिनं त्याची खुमरी मागून घेतली आणि डोक्यावर ठेवून बघितली. चष्मा, हनुवटीवरचा तीळ, आणि वर ते परातीएवढं छत्र. ईशाला आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं आणि तिनं फोटो काढला.

परतीच्या बसमध्ये काकूनं मला त्याच बाजूच्या खिडकीशी बसवलं. ‘जसा धरला होता तसाच धर.’ बाहेर अंधारू लागलं, कंडक्टरनं आतले दिवे लावले. मी मोबाईल छातीशी धरला. ईशा माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होती. काचेपलीकडे ढग, आणि ढगांत तबकडी. मधे चकाकता घुमट, दोन्ही बाजूंना दिव्यांची रांग.

काकूनं आपला हात माझ्या टकलावर ठेवला.

घुमट विझला. नुसते बसचे दिवे राहिले. तिनं हात उचलला, घुमट पुन्हा आला. तिनं तसं दोनदा केलं, पुढच्या सीटवरच्या बाई वळून पाहू लागल्या.

‘आता ठेव बोट,’ ती ईशाला म्हणाली.

ईशानं माझ्या डोक्यावर बोट ठेवलं. ‘यहाँ,’ ती म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. ‘पापा, आपका सिर उड़ रहा था.’ हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं.

‘फोटो खरा आहे,’ काकू खिडकीबाहेर पाहत म्हणाली. ‘पोट्टाही खरा आहे. अक्कल तेवढी बाहेरून मागवावी लागन.’

काकू त्याच हिवाळ्यात गेली. झोपेतच, कुणाला न सांगता. भिंतीवर लावायला म्हणून मी पंडरी बाजारातल्या एका स्टुडिओतून तिचा फोटो मोठा करून आणला. तिथल्या मुलानं मन लावून काम केलं होतं. मागं निळं आकाश, अंगावर जरीचं पातळ, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. मला आवडला, हे कबूल करतो. ईशानं तो माझ्या हातून घेतला, टेबलावर सपाट ठेवला, उठली आणि पलीकडे जाऊन बसली.

घरात पाहुणे होते. तेही टेबलाभोवती आले.

‘तीळ नहीं है,’ ती म्हणाली, आणि हनुवटीवर बोट ठेवलं. ‘यहाँ.’

म्हणून आमच्या बैठकीत आता खुमरीतली काकू आहे. हार त्या परातीएवढ्या टोपीवरून घालता येत नाही, तो खिळ्याला वेगळा अडकवावा लागतो. नवा माणूस आला की आधी दचकतो, मग मान तिरकी करून पाहतो, हे कोण म्हणून. ईशा त्याला सगळी गोष्ट सांगते, माझ्या डोक्यासकट.

मी मात्र तो फोटो सुलटाच पाहतो. चेहरा दिसला की माणूस फसते, असं ती म्हणायची. सकाळी चहा घेताना वाटतं, आत्ता चष्मा सारखा करील आणि उठून पलीकडे जाऊन बसेल. तेवढं फसावंसं वाटतं.