कनव्हर्टर आणला होता

आमच्या नातेवाइकांत माझ्या जावयांची एक गोष्ट सांगतात. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, मुलाखतीच्या दिवशी ते कनव्हर्टर विसरून आले आणि तिची हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. पंगतीत कुणी मीठ वाढायला विसरलं तरी "कनव्हर्टर झाला यार" म्हणून हसतात. ही गोष्ट ज्यांनी ज्यांनी ऐकली आहे त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. ती खोटी आहे.

जावई मूळचे सांगलीकडचे. नोकरीसाठी इंदूरला आले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले. आमची मराठी अर्धी हिंदीत बुडालेली, त्यांची स्वच्छ. मुलगी इमारतींचे नकाशे काढते. मूल झाल्यावर तिचं काम सुटलं, ते बरीच वर्षं सुटलेलंच राहिलं. मग एका मोठ्या कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत ऑनलाइन, सकाळी अकराला, आणि समोरच्यांच्या देखत नकाशा काढून दाखवायचा. फोनवर ते होण्यासारखं नव्हतं. जावयांचा लॅपटॉप ऑफिसचा, त्यावर तिचं सॉफ्टवेअर टाकायला परवानगी नाही. म्हणून नवा कंप्यूटर घेतला. त्यांच्या बिल्डिंगमध्ये फरशा फोडण्याचं काम चालू होतं, कान किटत होते, म्हणून तो आमच्याकडे मांडायचं ठरलं.

मॉनिटरही ते नवाच घेणार होते. मी आडवा आलो. "माझा आहे ना, चांगला चालतो. उगीच कशाला?"

जावयांनी तो वळवून मागून पाहिला. "बाबा, याला जुनी निळ्या तोंडाची वायर लागते. नव्या मशीनला ती बसत नाही. मध्ये कनव्हर्टर लावावा लागेल. मी आणतो."

आणि त्यांनी आणला. आदल्या संध्याकाळी खोकी उघडून मशीन टेबलावर ठेवलं आणि शेजारी एक छोटी पारदर्शक पिशवी ठेवली. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. "सकाळी नऊला येऊन जोडतो," असं म्हणून ते गेले.

सकाळी आमच्याकडे कचरागाडी येते. इंदुरात कचरा वेगवेगळा करून द्यायचा असतो: ओला वेगळा, सुका वेगळा, विजेच्या निकामी वस्तूंचा डबाही वेगळा. लोक कंटाळा करतात, मी कधी केला नाही. गाडीवरची बाई म्हणायची, "बाबूजी, आपके घर का कचरा तो देखने लायक रहता है." या कौतुकाची मला गोडी लागली होती, हे कबूल करतो.

त्या दिवशी गाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं आणि मी टेबलावरचा पसारा उचलायला लागलो. थर्माकोल, पुठ्ठे, प्लास्टिक, वायरी बांधायच्या बारीक तारा. ती पिशवीही उचलली. आत बोटभर वायर, एका टोकाला निळं तोंड. माझ्या मॉनिटरच्या वायरीसारखंच निळं. मला वाटलं, काहीतरी जुनं काढून ठेवलंय. विजेचं म्हणून विजेच्या डब्यात टाकलं. बाईनं मान डोलावली. मी खुशीत घरात आलो.

नऊला जावई आले, मागोमाग मुलगी. जावयांनी टेबलाकडे पाहिलं, मग टेबलाखाली.

"आई, इथे एक छोटी पिशवी होती."

"कसली हो?"

"कनव्हर्टरची. काल इथेच ठेवली."

काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं.

बायकोनं मला विचारलं, "तुम्ही काही उचललं का टेबलावरचं?"

"मी? मी फक्त खोकी दिली गाडीत."

एवढंच बोललो. तेव्हा खरं सांगितलं असतं तर पाच मिनिटं बोलणी खाल्ली असती आणि सगळे कामाला लागले असते. पण लेकीचा चेहरा पाहिला आणि धीर झाला नाही. म्हटलं, मिळेल दुसरा कुठेतरी, कशाला सांगायचं.

मुलगी म्हणाली, "तू आणलाच नाहीस. घरीच राहिला असेल."

"अगं, मी आणलाय. इथे ठेवलाय."

"तुझं नेहमीचंच आहे. रख के भूल जाना. त्या दिवशी गॅसचं बुकिंग, आज हे."

सगळे शोधायला लागले. मीही शोधायला लागलो. दिवाणाखाली वाकलो. जी वस्तू गाडीतून कधीच पुढे गेली होती, ती मी हात घालून घालून चाचपत होतो. जावयांनी मला दंड धरून उठवलं. "बाबा, तुम्ही नका वाकू. गुडघे दुखतील."

बाजारातली दुकानं अकराशिवाय उघडत नाहीत. जावयांनी चार ठिकाणी फोन केले. शहराबाहेर, राऊ गावाच्या पुढे राहणाऱ्या एका सहकाऱ्याकडे कनव्हर्टर निघाला. ते स्कूटरवर गेले. मुलगी तयार होऊन, साडी नेसून, काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. तिच्या आईनं पोहे आणून ठेवले, ते तसेच गार झाले.

ते परतले तेव्हा अकराला थोडाच वेळ होता. वायर लावली. मशीन सुरू झालं, मशीनच्या कंपनीचं चिन्ह दिसलं, आम्ही श्वास सोडला. आणि पडदा पुन्हा काळा. मधोमध एक चौकट तरंगायला लागली: इनपुट नॉट सपोर्टेड.

"आता काय?" मुलगी म्हणाली.

"मशीन जास्त बारीक चित्र पाठवतंय, ह्या मॉनिटरला ते झेपत नाही. सेटिंग कमी करायला हवं."

"तो फिर कर ना!"

"दिसल्याशिवाय कसं करू? सेफ मोडमध्ये न्यावं लागेल. तिथे साधं चित्र येतं."

टीव्हीला जोडावं तर घरातला टीव्ही इतका जुना की त्याला नव्या मशीनची वायर लागण्याचा प्रश्नच नव्हता. जावई मशीन अर्ध्यातच बंद करायचे, पुन्हा सुरू करायचे, पुन्हा बंद. असं केलं की ते स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं म्हणे. त्यांच्या कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडत होता. आदल्या संध्याकाळी जोडलं असतं किंवा सकाळी नऊला कनव्हर्टर जागेवर असता, तर हे सगळं त्यांनी आरामात केलं असतं.

अकराला मुलगी फोनवरून मुलाखतीला बसली. जावई मशीनपाशीच राहिले, मी आणि बायको शेजारच्या खोलीत गेलो. तिचा आवाज ऐकू येत होता. "जी मॅम, ड्रॉइंग अभी शेअर नहीं हो पाएगी... सिस्टम में थोड़ी दिक्कत... जी, बस पाँच मिनट." मग, "जी. समझ सकती हूँ. थँक यू, मॅम."

आम्ही बाहेर आलो आणि काही क्षणांनी पडदा उजळला. ठसठशीत मोठी अक्षरं, सगळं स्पष्ट. जावई "आलं!" म्हणाले. मुलीनं फोन पालथा ठेवला.

त्या कंपनीचं पुन्हा बोलावणं आलं नाही. पुढे मुलीला दुसरीकडे काम मिळालं, थोडं लहान, पण तिला आवडतं. नोकरीचं दुःख तिथे संपलं. जावयांचं नाव मात्र झालं ते झालंच. आणि हे लिहायला जड जातं, पण पंगतीतली ती थट्टा पहिल्यांदा मीच केली. साडूंच्या घरी जावई पान आणायला विसरले, तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हणालो, "जाऊ द्या हो, कनव्हर्टरवाले आहेत ते." सगळे खो-खो हसले. तेही हसले.

तेव्हापासून जावई आमच्याकडे काहीही आणतात त्याचा आधी फोटो काढतात. औषधांचा, बल्बचा, किल्ल्यांचा. फोटो घरच्या ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, "ठेवलं आहे." ग्रुपवर हसणारे चेहरे येतात.

गेल्या रविवारी माझा जुना मॉनिटर शेवटी बंदच पडला. जावई नवा घेऊन आले. टेबलावर वायर ठेवली आणि फोटो काढायला फोन उचलला. मला राहवलं नाही. बायको, मुलगी, दोघी तिथेच होत्या. मी सगळं सांगितलं. गाडी, डबा, दिवाणाखाली वाकलो ते.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्यासमोर शोधत होतात!" आणि मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

जावई रागावतील असं मला वाटलं होतं. ते खुर्चीत बसले.

"म्हणजे मी आणला होता," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आणला होता मी."

इतक्या वर्षांत त्यांनाही वाटायला लागलं होतं की आपण विसरलो असू.

मी हात जोडले. त्यांनी ते खाली केले. मग उठून त्यांनी टेबलावरच्या वायरीचा फोटो काढलाच.

"आता कशाला?" बायको म्हणाली.

"सवय लागलीय, आई," ते म्हणाले, आणि वायर घेऊन मॉनिटरच्या मागे वाकले.