सगळ्यात हळू त्याने पुढे

सायकल चालवायला मी पन्नाशीनंतर लागलो, आणि त्याला कारण माझं पोट. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे बोट करून सांगितलं, चाला नाहीतर सायकल चालवा. चालणाऱ्याकडे कोणी वळून बघत नाही, म्हणून मी सायकल निवडली. सायकल आली, मागोमाग हेल्मेट आलं, हातमोजे आले, आणि बुडाखाली गादी शिवलेली ती काळी घट्ट चड्डी आली. ती घालून मी पहिल्यांदा बाहेरच्या खोलीत आलो तेव्हा बायको मटार सोलत बसली होती. तिने वर पाहिलं, हातातली शेंग संपवली आणि म्हणाली, "अहो, खालपर्यंत वरून पंचा गुंडाळून जा. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा याच वेळी दुधाला निघतात, त्यांना आधीच रक्तदाब आहे."

मी पंचा गुंडाळून गेलो. मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत त्या दिवशी मला पाहिलं नाही असा माणूस नसावा.

बायकोने स्वतःसाठी काहीच घेतलं नाही. मुलगी नोकरीला पुण्याला गेल्यापासून तिची कॉलेजातली सायकल गच्चीवर पडून होती. ती हिने पुसली, चेनला तेल घातलं, सलवारीच्या घोट्याला रबर लावलं आणि म्हणाली, "चला."

मग दर रविवारचा नेम झाला. उजाडायच्या आत दोन्ही सायकली गाडीच्या मागे अडकवायच्या, विमानतळ ओलांडायचा, देवनहळ्ळीच्या पुढे एका इडलीच्या हॉटेलापाशी गाडी लावायची आणि तिथून सायकलीवर निघायचं. तिथून पुढे रस्ता एकदम गप्प होतो. दोन्ही बाजूंना तांबडी माती आणि द्राक्षमळे. आम्ही दोघंही बेळगावकडचे, द्राक्षं म्हणजे आम्हाला लांबट, हिरवी, गोड. इथली काळी-निळी, जाड सालीची, तोंडात बी येणारी. पण वास असा, की सायकलवरून जाता जाता तोंडाला पाणी सुटतं. मांडवांना लाकडाऐवजी दगडाचे खांब. ओळीने उभे, पंगतीला बसायची वाट बघणाऱ्या पाहुण्यांसारखे. आणि समोर सतत नंदीबेट्ट, म्हणजे नंदीचा डोंगर. तो आमच्याकडे बघायचा, आम्ही त्याच्याकडे बघायचो आणि पायथ्यावरून परत फिरायचो.

त्या इडलीच्या हॉटेलात एका जुन्या सायकलवाल्याने मला एक नियम सांगितला होता. जो सगळ्यात हळू चालवतो त्याने सगळ्यात पुढे राहायचं. बाकीच्यांनी त्याच्या चालीने जायचं. म्हणजे मागे कोणी सुटत नाही. हा नियम मी घरी असा आणला, की जणू मीच तो काढला. ताटलीतल्या उप्पिटावर दोन काजू मांडून बायकोला समजावला. "हा पुढचा काजू तू. हा मागचा मी. मी तुझ्यावर लक्ष ठेवणार." तिने मागचा काजू उचलून खाल्ला आणि म्हणाली, "सरी." कानडीतलं हे 'बरं' आमच्या घरात कधी शिरलं ते आठवत नाही, पण ते ती कोणत्या सुरात म्हणते त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. त्या दिवशीचा सूर मी नीट ऐकला नाही.

वर्षभर ती पुढे, मी मागे. आल्यागेल्याला मी सांगत असे, "हिला पुढे ठेवतो हो मी, सवय नाही ना." बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, जयनगरला राहते. तिने तर हे सगळ्या नातेवाइकांत पोचवलं. भावोजी किती सांभाळून नेतात. मी ते खाली मान घालून ऐकायचो. विनयाने नव्हे, आणखी ऐकायला मिळावं म्हणून.

अशात मल्लेश्वरमच्या मैदानावर सकाळी हिच्यासोबत जमणाऱ्या बायकांनी ठरवलं, की सायकलीने नंदी चढायचा. घाटात पाय न टेकवता वरपर्यंत जायचं. हिला जायचं होतं. ते मला कळलं, कारण तिने ते दोनदा सांगितलं. आमच्याकडे दोनदा सांगितलेली गोष्ट म्हणजे नवा फ्रिज घेण्याच्या तोडीची. पण मध्ये अक्का होती. आई लवकर गेल्यामुळे अक्कानेच हिला वाढवलं, वेणीफणी केली, माझ्या गळ्यात बांधली. आजही तिचा शब्द ही मोडत नाही. अक्का म्हणाली, "या वयात गुडघे फोडून घेशील. आधी एकदा भावोजींबरोबर चढून बघ. ते जमतंय म्हणाले तर जा, नाहीतर नाही."

म्हणजे निकाल माझ्या तोंडून यायचा होता. मला ते फार आवडलं, हे सांगताना आता मान वर होत नाही.

त्या रविवारी आम्ही पायथ्याला थांबलो नाही. ठरल्याप्रमाणे ती पुढे, मी मागे. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. रस्ता झाडांत शिरला, हवा गार झाली, आणि माझ्या छातीतून कुकरसारखे आवाज येऊ लागले. तिच्यात आणि माझ्यात अंतर पडायला लागलं. ती थांबत नव्हती, पण पॅडल मारता मारता मध्येच सोडून देत होती, मागून येणारं कोणी ओळखीचं गाठेल अशा बेताने. मग तिने मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं, सायकल कडेला घेतली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा."

एवढंच. नियम मीच शिकवलेला, तेव्हा समजून सांगायची गरज नव्हती.

मी पुढे झालो. माझ्यामागे तिचा श्वास ऐकू येईल म्हणून मी कान दिला, पण ऐकू आलं ते असं: "डावीकडे माकडं आहेत, अहो. तुमच्या मागच्या पिशवीतलं केळं दिसतंय त्यांना." थोड्या वेळाने, "नाही रे बाबा, तुला नाही, ते त्यांचं आहे." ती माकडांशी गप्पा मारत घाट चढत होती. पुढच्या वळणावर माझे पाय चालेनात. मी पाय टेकवला. जगातली सगळी हवा त्या झाडांनी घेतली होती, मला काही उरली नव्हती. जरा बोलता येण्याजोगा झाल्यावर मी म्हणालो, "दमलीस तू. परत जाऊ."

तिने माझ्याकडे पाहिलं. वर, जिथे रस्ता वळून दिसेनासा होत होता, तिकडे पाहिलं. मग म्हणाली, "सरी," आणि सायकल वळवली.

खाली मळ्यापाशी एक बाई टोपल्यांत द्राक्षं लावत बसली होती. तिने कानडीत विचारलं, वर जाऊन आलात का? बायको म्हणाली, "स्वल्प उरलं." थोडंसंच राहिलं. आणि द्राक्षं घेतली. मी माझं हेल्मेट उगाच काढून पुन्हा घातलं.

दुपारी अक्का जेवायला आली. येताना तोंड गोड करायला बेळगावचा कुंदा घेऊन आली होती, म्हणजे तिला हो ऐकायची तयारी होती. ताटं वाढली गेली. अक्काने विचारलं, "काय गं, जमलं?"

"वरपर्यंत नाही गेलो," बायको म्हणाली.

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "भावोजी?"

आणि मी म्हणालो, "दमली जरा." ते सुद्धा कसं, तर कनवाळू आवाजात. आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलतात तसं.

बायकोने माझ्या भातावर तूप वाढलं. डॉक्टरीणबाईंनी बंद केलेलं तूप, आणि नेहमीपेक्षा जास्त.

"बघ, मी सांगत होते," अक्का म्हणाली. "कळवून टाक त्या बायकांना. उगाच तुझ्यासाठी थांबतील."

बायकोने हात धुतला, फ्रिजवरचा फोन घेतला, चष्मा लावला. तिची बोटं अक्षरं शोधायला लागली. ती हळू टाइप करते. तेवढा वेळ मला मिळाला.

"अक्का," मी म्हणालो, "दमलो मी."

"आत्ता? मग जेवा आणि पडा जरा."

"आत्ता नाही. घाटात. हिला काही झालं नव्हतं. ही माकडांशी बोलत होती."

अक्काने घास खाली ठेवला. "मग मघाशी तसं का म्हणालात?"

मी पापड मोडला. मग त्याचे आणखी बारीक तुकडे केले.

"वर्षभर मी सगळ्यांना सांगत सुटलेय," अक्का म्हणाली, "भावोजी हिला पुढे ठेवतात, भावोजी हिला जपतात. आणि तू गं? तू काय तोंडात गुळणी धरली होतीस?"

"तू यांचा चेहरा बघितला असतास ना, तूही परत फिरली असतीस," बायको फोनवरून नजर न काढता म्हणाली. "वांग्यासारखा झाला होता. मला वाटलं, आता यांना खाली कसं न्यायचं. परतायचं म्हटल्यावर माणसाला काहीतरी कारण लागतंच. यांनी माझं घेतलं."

तिने ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मीठ संपलंय म्हणावं तसं म्हणाली. मी दमलो हे लपवत होतो, तेव्हा ती मी जिवंत खाली पोचतोय का हे बघत होती.

अक्काने कुंद्याचा डबा माझ्यासमोरून उचलून बहिणीच्या ताटाशी ठेवला. "जा," ती म्हणाली. "पण गुडघ्याला पट्टा बांध." फोन पुन्हा फ्रिजवर गेला.

ती गेली. मी त्या बायकांची केळी आणि पाण्याच्या बाटल्या गाडीतून घेऊन मागोमाग गेलो. पायथ्याशी त्यांनी रांग लावली आणि कोणी न सांगता ही सगळ्यात शेवटी जाऊन उभी राहिली. वर पोचल्यावर ती दगडी कठड्याला टेकून केळं सोलत होती, आणि पाय टेकवलेला नव्हता हे तिने मला सांगितलं नाही, बाकीच्यांनी सांगितलं. त्यातली एक मला असंही म्हणाली, की मागच्याला फार सोपं असतं हो काका, वारा सगळा पुढचीच्या अंगावर जातो, म्हणून सपाटीवर आम्ही पाळीपाळीने पुढे होतो. मला काका म्हणाली याचं काही वाटलं नाही. वर्षभर वारा कोणाच्या अंगावर गेला, तेवढंच डोक्यात राहिलं.

पुढच्या रविवारी इडलीच्या हॉटेलापाशी सायकली उतरवल्या आणि मी पुढे झालो. गाव संपलं. मळे सुरू झाले तसा वारा छातीवर आला, चांगलाच. त्या रस्त्याने इतक्या वेळा गेलो होतो, पण तिथे वारा असतो हे मला माहीत नव्हतं. मान खाली घातली आणि खड्डे चुकवत राहिलो.

"हळू चाललंय ना फार?" मी मागे न बघता विचारलं.

"चालू दे," ती म्हणाली. "पुढे असलं की सगळं लक्ष खड्ड्यांवर. हे मळे मला आज पहिल्यांदा नीट दिसतायत."